वाचनाचा संकल्प बाराने भागू नये

वर्षाला चोवीस पुस्तके, म्हणजे महिन्याला दोन, म्हणजे साधारण पंधरा दिवसांत एक. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हा हिशेब इतका पटतो की तो तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, आणि सगळ्या बेरजा बरोबर असूनही ताळेबंद खोटा असू शकतो, हे त्या कामात लवकर कळते. वरच्या हिशेबात भागाकार बरोबरच आहे. वर्षाचे बाराही महिने सारखे असतात हे गृहीतक मात्र टिकत नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात, जिथे घरची थोडी हापूसची कलमे आहेत, चार कुणगे, म्हणजे छोटी खाचरे, भात आहे आणि घरात गणपती येतो, तिथे एप्रिल आणि ऑगस्ट या दोन महिन्यांना वाचनासाठी एकच माप लावणे म्हणजे दोन्ही महिन्यांशी अन्याय आहे. म्हणून मी क्रम उलटा ठेवते. आधी वर्षात वाचायला खरोखर किती वेळ मिळेल ते काढायचे, आणि मग त्या वेळात बसेल एवढाच आकडा संकल्पात लिहायचा.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे पुस्तके मोजणे सोडून पाने मोजायला लागणे. नव्वद पानांचा कवितासंग्रह आणि सहाशे पानांचे चरित्र या दोहोंना ‘एक’ म्हटले की संकल्प पुरा करण्यासाठी बारीक पुस्तके निवडण्याचा मोह होतो, आणि जे वाचायचे म्हणून एवढा खटाटोप मांडला तेच मागे राहते. डेमी आकाराचे मराठी पुस्तक सरासरी २२० पानांचे धरले, तर चोवीस पुस्तकांची पाने ५,२८० होतात. रोजची सरासरी साडेचौदा पानांची येते आणि ती अगदी किरकोळ वाटते. परंतु वर्षातले दोनशेच दिवस वाचन होणार असेल, तर तीच सरासरी सव्वीस पानांच्या पुढे जाते. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचा वेग, आणि तो अंदाजाने ठरवण्यापेक्षा घड्याळ लावून एकदा मोजलेला बरा. कादंबरी, वैचारिक पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक अशी तीन पुस्तके घेऊन प्रत्येकी अर्धा तास नेहमीच्या गतीने वाचावे आणि पाने टिपून ठेवावीत. माझी कादंबरीची पाने अर्ध्या तासात अठराच्या आसपास होतात, वैचारिक लेखनाची दहा-अकरा, आणि इंग्रजीची त्याहूनही कमी. सगळे मिळून तासाला तीस पाने धरली, तर ५,२८० पानांना १७६ तास लागतात. रोज अर्धा तास, एकही खाडा न करता, वर्षभर वाचले तर १८२ तास होतात. म्हणजे महिन्याला दोन पुस्तके हा संकल्प केवळ त्या माणसाला झेपेल, ज्याच्या घरी वर्षभरात कोणी आजारी पडत नाही, पाहुणे येत नाहीत आणि आंबाही पिकत नाही.

पानांवरून वाटणी करण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहात पोथीची जी विभागणी प्रचलित आहे, तिच्यात पहिल्या दिवशी नऊ अध्याय असतात, दुसऱ्या दिवशी दहापासून एकवीसपर्यंत म्हणजे तब्बल बारा, आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस असे तीनच. आमचे सासरे दत्तजयंतीच्या आधी सप्ताह करतात. पाचव्या दिवशी तीनच अध्याय का, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता छत्तिसाव्या अध्यायाची सुरुवात आणि शेवट यांमधली पाने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मला दाखवली. शेजारच्या अध्यायांच्या मानाने ती चिमूट चांगलीच जाड होती. ज्यांनी ही वाटणी बसवली त्यांना वाचणाऱ्याच्या घशाची आणि मांडी घालून बसण्याच्या शक्तीची पक्की कल्पना असली पाहिजे. सात दिवसांसाठी जे इतक्या बारकाईने केले गेले, ते तीनशे पासष्ट दिवसांसाठी आपण सरसकट भागाकाराने उरकतो.

कोकणातल्या वर्षाची अडचण अशी की येथे एकाच घरावर तीन कालगणनांचा अंमल असतो. शेतीची कामे पावसाच्या मानाने चालतात, सणवार तिथीने येतात आणि पतसंस्थेचे वर्ष ३१ मार्चला तारखेने संपते. त्यामुळे गेल्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून यंदा लावता येत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते. लावणी संपल्यापासून गणपती येईपर्यंतचा जो निवांत काळ असतो, तो या एका कारणाने अठरा दिवसांनी वाढतो, आणि दिवसाला पंचवीस पाने धरली तर साडेचारशे पाने, म्हणजे दोन पुस्तके, अधिक महिन्याने पदरात टाकली असे होते. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक काढते आणि त्यात गाड्यांचा वेग कमी धरते. तेव्हा गाडी उशिरा पोहोचते असे कोणी म्हणत नाही, कारण ती उशिराचीच वेळ छापलेली असते. वाचनाचे वेळापत्रक याच तत्त्वावर आखावे, असे माझे मत आहे.

आधी जे महिने वजा करायचे ते सांगते. मार्चमध्ये वर्षअखेर आणि शिमगा हातात हात घालून येतात. दिवसा वसुली, व्याजाच्या नोंदी आणि लेखापरीक्षणाची तयारी, तर रात्री ग्रामदेवतेची पालखी. ती घरी येणार असेल त्या दिवशी घरातले कोणीही पुस्तक हातात घेऊन बसलेले शोभत नाही आणि बसूही नये. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा आंब्याचा. झाडावरून उतरवलेला माल दुपारपर्यंत पडवीत येतो, मग निवडणे, वजनाप्रमाणे प्रती लावणे, पेट्या भरणे हे काम रात्री उशिरापर्यंत चालते. या दिवसांत वेळ मिळाला तरी पुस्तक हातात घेववत नाही, कारण देठाचा चीक बोटांना लागलेला असतो. साबणाने दोनदा हात धुतले तरी बोटांच्या पेरांवर काळपट थर राहतो, आणि पानाच्या कडेला त्याचा एक ठिपका पडला की तो कायमचा. वाचनालयाच्या पुस्तकावर तर असा ठिपका पडणे मला अजिबात चालणार नाही. मेच्या उत्तरार्धात मुले, पाहुणे आणि पावसाळ्याची बेगमी असते. मार्च ते मे या तीन महिन्यांना मिळून मी चारशे पाने देते, तीही नियतकालिके, ललित लेख, कविता अशी, जिथे मध्येच सोडून उठले तरी धागा तुटत नाही.

जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा पाचशे पानांचा. तरवा, म्हणजे लावणीची भातरोपे, वाढेपर्यंत थोडी उसंत असते. पुढे लावणीच्या दिवसांत संध्याकाळी कंबर अशी धरते की अंथरुणावर पडून धरलेले पुस्तक तोंडावर पडते. हे सगळे अर्थात शेती-बागायतीच्या घराचे. समुद्रावर पोट असलेल्या घरांत याच्या नेमके उलटे चालते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळ्यांची डागडुजी सोडली तर तेथील माणसाला हेच दोन महिने हाताशी असतात. कोळीवाड्यातल्या वाचकाने माझे कोष्टक वापरले तर त्याचा सगळ्यात चांगला काळ वाया जाईल, आणि त्याचे वापरले तर माझे भात राहील.

लावणी संपली की खरा वाचनकाळ सुरू होतो. जुलैच्या मध्यापासून चतुर्थीपर्यंत शेताला बेणणीपलीकडे, म्हणजे तण काढण्यापलीकडे, विशेष काही लागत नाही, बागेत जाता येत नाही, लग्नकार्ये थांबलेली असतात आणि बाहेर पडावे असे काही नसते. या काळाला मी दीड हजार पाने देते, आणि वर्षभरात जे जड, सलग, लक्ष देऊन वाचायचे असते ते याच काळासाठी राखून ठेवते. मात्र या काळाचे काही नियम आहेत आणि ते पाळले नाहीत तर दीड हजारांची सातशे व्हायला वेळ लागत नाही. पहिला नियम विजेचा. आषाढ-श्रावणात एखादी फांदी तारांवर पडली की वीज रात्रभर येत नाही, आणि इन्व्हर्टरचा उजेड स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास यांच्या वाट्याला आधी जातो. म्हणून रात्रीच्या भरवशावर न राहता दिवसाचा उजेड वापरावा लागतो. आमच्याकडे ओटीवर सकाळी साडेसात ते साडेआठ हा तास सगळ्यांत चांगला. आभाळ भरलेले असले तरी पागोळ्यांच्या बाजूला तोंड करून बसले की अक्षर स्पष्ट दिसते.

दुसरा नियम पुस्तकांच्या प्रकृतीचा. या हवेत पाने सादळतात, कागद मऊ पडतो, वरचे गुळगुळीत आवरण कडेने वळायला लागते आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पांढुरकी बुरशी धरते. ती ओल्या फडक्याने पुसू नये. कोरड्या मऊ कापडाने झटकावी, आणि उघडीप मिळेल तेव्हा पुस्तक वाऱ्याला उभे, पाने किंचित पसरून ठेवावे. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात त्याने कसर लांब राहते, पण ओल काही जात नाही. त्यामुळे पावसाळ्यात वाचायची पुस्तके मी घरच्याच संग्रहातली निवडते आणि वाचनालयाची शक्यतो जुलैच्या आत परत करते. चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २२ जुलै २०२१ च्या महापुराचे पाणी शिरले आणि ग्रंथांचे मोठे नुकसान झाले. जिथे संस्थेची पुस्तके वाचत नाहीत, तिथे आमच्या घरातल्या खालच्या फळीची काय कथा.

गणपतीचे दिवस सरळ वजा. चाकरमानी येतात, घर भरते, आरत्या-भजनांत रात्री जातात, आणि गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर उरलेले तीन-चार दिवस भांडी जागेवर लावण्यात आणि झोप भरून काढण्यात जातात. सप्टेंबरच्या उरलेल्या दिवसांची दीडशे पाने झाली तरी पुष्कळ. ऑक्टोबरात कापणी आणि झोडणी. आभाळाकडे एक डोळा ठेवून केलेली ही कामे अंगापेक्षा मनाला अधिक थकवतात. येथे साडेतीनशे पाने.

नोव्हेंबर-डिसेंबरचा विषय थोडा वेगळा आहे, कारण दिवाळी अंक हिशेबात धरायचे की नाही हा प्रश्न तिथे येतो. माझ्या ओळखीचे बरेच चांगले वाचक दिवाळी अंक मोजत नाहीत. ते त्यांना पुस्तकांच्या मधले खाणे समजतात. मला हे मान्य नाही. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीतल्या कितीतरी कथा आणि दीर्घ लेख आधी अंकांतूनच वाचकांपुढे आले आहेत, आणि चांगल्या अंकाची दोन-अडीचशे पाने वाचायला पुस्तकाएवढाच वेळ लागतो. तो वेळ हिशेबाबाहेर ठेवला तर नोव्हेंबर संपताना आपण मागे पडलो आहोत असे उगीच वाटत राहते, आणि ते वाटणे वाचनाला फार मारक असते. अनेक वाचनालये वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात आणि अंक सभासदांमध्ये फिरत राहतात. त्यामुळे अंक आपल्या हाती कधी येईल हे आपल्या हातात नसते, पण आला की लवकर परत करावा लागतो, आणि ही घाई वाचनाच्या पथ्यावरच पडते. या दोन महिन्यांना बाराशे पाने. जानेवारी-फेब्रुवारीला हजार, तेव्हा पहाटे कलमांवर फवारणी असते, मोहोरावर तुडतुडे आणि भुरी आहे का ते पाहणे असते, पण संध्याकाळ लवकर होते, हवा गार आणि कोरडी असते आणि जेवणानंतरचा तास मोकळा मिळतो. फवारणी करताना कानात ध्वनिपुस्तक लावावे, असे एका आतेभावाने मुंबईहून सुचवले होते; पंपाच्या आवाजात काय ऐकू येते ते त्याने एकदा गावी येऊन पाहावे.

आता बेरीज. हजार, चारशे, पाचशे, दीड हजार, दीडशे, साडेतीनशे आणि बाराशे मिळून ५,१०० पाने होतात. आकडा चोवीस पुस्तकांच्या जवळ गेलेला दिसतो, आणि नेमक्या याच जागी हात आखडता घ्यायला हवा. वरचे सगळे आकडे सुरळीत वर्षाचे आहेत. वर्षात कधी ना कधी घरात ताप फिरतो, कुणाचे तरी लग्न ठरते, एखादे वादळ येऊन बागेत फांद्या पाडून जाते. यासाठी मी एकूण पानांतून पंधरा टक्के बाजूला काढते, जशी बुडीत कर्जासाठी तरतूद करावी लागते तशी. ७६५ पाने वजा जाता ४,३३५ उरतात. २२० पानांच्या मापाने ती जवळजवळ वीस पुस्तके होतात. वीस हाच संकल्प. चोवीस आणि वीस यांत फरक चारच पुस्तकांचा असला, तरी वीस हा आकडा आपल्या वर्षातून निघाला आहे, चोवीस हा बाराच्या पाढ्यातून.

आठवड्याच्या पातळीवर मी फार काटेकोर राहत नाही. रोजचा एक ठरलेला तास आणि रविवार दुपार एवढेच निश्चित असते. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवसाच्या डोक्यावर घालायचा नाही, हा मात्र पक्का नियम. काल वीस पाने राहिली म्हणून आज चाळीस वाचायची ठरवली की उद्या साठ होतात, आणि चौथ्या दिवशी माणूस पुस्तकाकडे बघायचेच टाळतो. राहिलेली पाने त्या पंधरा टक्क्यांच्या तरतुदीतून वजा करावीत, तेवढ्यासाठीच ती ठेवलेली असते. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची वाचून झालेली पाने मी धरते. साठ पाने वाचून पुस्तक आवडले नाही हे कळायला साठ पाने वाचावीच लागतात, आणि ती फुकट गेली असे मानले की माणूस न आवडलेले पुस्तक केवळ आकड्यासाठी ओढत राहतो.

प्रवासाचा वेळ धरताना जपून धरावा. आमच्या भागातल्या वळणांच्या रस्त्यावर एसटीत वाचायला बसले की दहा मिनिटांत मळमळते, त्यामुळे तो वेळ शून्य. रेल्वेचा मात्र पूर्ण धरते. रत्नागिरीहून मुंबईकडे निघाले की थोड्याच वेळात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे मोबाइलची रेंज जाते, हातातले फोन एकेक करून खाली ठेवले जातात, आणि तोवर पुस्तक उघडलेले असेल तर रेंज परत आल्यावरही ते बंद करावेसे वाटत नाही. पतसंस्थेच्या कामासाठी शहरात जाणे होते तेव्हा मी जिल्हा नगर वाचनालयात पुस्तक बदलते. १८२८ सालचे हे वाचनालय राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक आहे. तिथली परतीची तारीख ही माझ्या वेळापत्रकातली एकमेव तारीख आहे जी मी स्वतः ठरवलेली नाही, आणि कदाचित म्हणूनच ती पाळली जाते.

नोंदीसाठी वेगळी वही किंवा मोबाइलवरचे अ‍ॅप मी वापरत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असते, तिच्यात तारीख आणि तिथी एकाच चौकटीत दिसतात, आणि हे वेळापत्रक दोन्हींवर चालत असल्याने त्याहून सोयीचे काही नाही. ज्या चौकटीत दुधाचे लिटर आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असते, तिच्याच खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मी त्या दिवशी पोहोचलेला पान क्रमांक लिहिते. महिना उलटताना शेवटचे पान पाहून एकच बेरीज करायची आणि ती पुढच्या महिन्याच्या पानावर वर लिहायची. जानेवारीचे कॅलेंडर घरात आले की पहिल्यांदा गणेश चतुर्थी, दिवाळी आणि शिमगा शोधून त्यांभोवती खूण करावी, मग ३१ मार्च, आणि त्यानंतरच पानांचे आकडे मांडायला बसावे. २०२७ साठी ही खूण ४ सप्टेंबरला पडेल, म्हणजे श्रावणातले वाचन यंदापेक्षा दहा दिवसांनी तोकडे होईल. ती अडीचशे पाने जानेवारी-फेब्रुवारीकडे वळवावी लागतील, आणि तेवढ्यासाठी जाड चरित्र आधीच्या डिसेंबरात आणून ठेवावे लागेल.